गेटबाहेरचे दिवस

ऐंशीच्या दशकात मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, एका रंगाच्या कारखान्यात डिस्पॅचला कारकून होते. राहायला जवळच्याच सरावली गावात. माल न्यायला आलेले ट्रक गेटबाहेर रांगेत उभे असत, कधी एक दिवस, कधी तीन. चोवीस तासांवर ट्रक अडकला तर कंपनीने हॉल्टिंग, म्हणजे थांबल्याचे पैसे द्यायचे, त्यात ड्रायव्हरचाही वाटा, असा करार होता. पण वॉचमनच्या वहीत वेळ पडायची ती ट्रक गेटच्या आत आल्यावर. त्यामुळे आमच्या कागदोपत्री कुणाचाच ट्रक कधी थांबत नसे. ती वही रोज मीच रजिस्टरात उतरवायची. त्यात काही गैर आहे असं मला कित्येक वर्षं वाटलं नाही.

एक ड्रायव्हर दातिवऱ्याचा होता, मच्छीमाराच्या घरातला. भावांनी होडी धरली, हा गाडीवर आला. एका सोमवारी सकाळी मी कामावर येत होते तेव्हा तो टायरपाशी बसून दात घासत होता. बुधवारी दुपारी तो माझ्या खिडकीशी आला.

"बाई, माजा नंबर कवा लागल?"

"ड्रम भरून झालेले नाहीत. का हो?"

"आय बरी नाय. गावची बाई मच्छी घेऊन बोईसरला आली, तिनं सांगितलं. न् गाडी सोडून गेलो तं नंबर शेवटाला लावतात. मालक मना ठेवायचा नाय."

मी इन्चार्जसाहेबांकडे गेले. त्याची गाडी आधी घेता येईल का, विचारलं. त्यांनी मान वर केली नाही. "सगळ्यांच्याच आया आजारी असतात."

खिडकीशी परत येऊन मी त्याला म्हटलं, "रात्रीत ड्रम भरून होतील. उद्या सकाळी पहिला नंबर तुमचा." तो मान हलवून गाडीकडे गेला.

गुरुवारी सकाळी गाडी भरत आली असताना त्याचा भाऊ गेटवर येऊन उभा राहिला. ड्रायव्हरच्या हातात ताडपत्रीची दोरी होती. ती त्याने नीट ओढून बांधली, गाठ मारली, आणि मग भावाजवळ गेला. दोघं एस.टी. स्टँडच्या रस्त्याला लागले. संध्याकाळी मालकाने दुसरा ड्रायव्हर पाठवला.

तोवर त्याचं चलान माझ्यापुढे आलं होतं. आगमनाच्या रकान्यात मी सोमवार, सकाळी साडेआठ, असं लिहिलं आणि शिक्का मारला.

साहेबांनी बोलावलं. "हे कुठून आणलंत?"

"मी त्याला पाहिला होता."

"गेटवहीत नाही."

"गेटवहीत बाहेरचं लिहीतच नाहीत, साहेब."

माझी बदली गोदामात झाली. पण चलानाची शिक्का मारलेली प्रत ट्रकमालकाकडे गेली होती, तेव्हा हॉल्टिंग द्यावंच लागलं. मग बाकीचेही मागू लागले. वर्षाच्या आतच गेटबाहेर एक टेबल आलं, आणि ट्रक आल्या आल्या वेळ लिहायचं रजिस्टर.

मधे दोनेक महिन्यांनी तो ड्रायव्हर गोदामात दिसला होता.

"पैसे मिळाले का?" मी विचारलं.

"मिळाले. आयच्या दिवसकार्याला झाले."

मला राहवलं नाही. "त्या बुधवारी मी तुम्हाला जा म्हणायला हवं होतं. नंबर मी धरून ठेवला असता."



"हां," तो म्हणाला, "जा बोलाया पायजे होतं."

आणि माल मोजायला आत गेला.