आवडाबाईचे धवले

“मुकी झालीस तरी चालंल, पन मेलेली आय मना नको.”

“तुना चालंल. मना नाय चालनार.”

“डॉक्टर काय बोलला ते ऐकलंस ना? फुगा कवा पन फुटंल.”

“आयकलंय. फुगा डोक्यात हाय, कानात नाय.”

पोपटने कपाळावर हात मारला. आवडाबाई कोळंबी सोलत राहिली. चेंदणी कोळीवाड्यातल्या त्या ओटीवर दिवाळीपासून मायलेकांचं हेच चाललं होतं.

झालं होतं असं, की बाजारात बर्फाच्या पाण्यावरून घसरून ती डोक्यावर पडली. साधं टेंगूळही आलं नाही. पण स्कॅन काढला आणि भलतंच निघालं. मेंदूच्या डाव्या बाजूच्या नसेला फुगवटा. पडण्याशी त्याचा संबंध नव्हता, तो कधीचा तिथे गपगुमान बसलेला. मुंबईच्या डॉक्टरांनी तिला समोर बसवून समजावलं. मांडीतून बारीक नळी घालायची, नसेतूनच डोक्यापर्यंत न्यायची आणि केसासारखी प्लॅटिनमची तार वेटोळी करून फुगवट्यात गच्च भरायची. कवटी उघडायची नाही. आत रक्त शिरेनासं झालं, की फुटायची भीती गेली. अठ्ठ्याण्णव साली हे नवंच होतं.

“पण आजी,” डॉक्टर म्हणाले होते, “ही नस बोलण्याच्या जागेला रक्त पुरवते. क्वचित गुठळी होऊन पुढे सरकते, मग शब्द जातात. फार थोड्यांचं होतं असं. पण होतं.”

दुसरी कुणी असती तर मान डोलावून सही केली असती. आवडाबाई धवलारीण होती.

कोळ्या-आगऱ्यांच्या लग्नात धवलारणीशिवाय हळद लागत नाही. ती धवले गाते, एकेका देवाला नावाने हाक मारून मांडवात आणते, मग घरातल्या मेलेल्या माणसांनाही बोलावते. नवरा धाकू वारला, त्या ब्याऐंशी सालापासून आवडाबाई म्हाताऱ्या धवलारीण जनाबाई मावशीच्या मागे मांडवामांडवांत बसली आणि ऐकून ऐकून सगळं तिच्या डोक्यात गेलं. सकाळी टेंभी नाक्याला मासळी, संध्याकाळी कुणाची तरी हळद. शहाडपासून कळव्यापर्यंत तिला बोलावणं असे. आवाज खरखरीत, पण शब्द कधी चुकला नाही. मध्येच कुणी झिंगलेला मामा बडबडायला लागला, तर दोन देवांच्या मध्ये त्याचंही नाव गुंफून त्याला खाली बसवायची. मांडव हसून लोटपोट.

“मग निदान टेपवर गाऊन ठेव,” पोपट म्हणाला. तो डोंबिवलीच्या कारखान्यात फिटर, पिशवीत टेपरेकॉर्डर घेऊनच आला होता. “नायतर रंगूमावशीला तरी शिकव.”

“मांडव कुटं हाय?”

“मांडव कशाला पायजे?”

“धवला म्हंजे देवाला आवतन. आवतन दिलं, देव आले, आन घरात लगीन नाय. बसवू कुटं त्यांना, तुज्या टेपावर?”

आवडाबाईची धाकटी बहीण रंगूबाई उंबऱ्यात बसली होती. “ती खरं बोलतं रं. मांडवाभायेर धवला गायला तर घरातलं लगीन मोडतं.”

आणि घरात लग्न होतं. पोपटच्या बहिणीचं, मंजुळाचं, माघात. टेप पिशवीतच राहिला.

शेवटी बोलली ती मंजुळाच. “आय, माझ्या हळदीला तू नसशील तर मी हळद लावून घेणार नाय.”

“मी मरतंय का लगेच?”

“ते तुला कुठे माहीत? मला पण नाय माहीत.”

आवडाबाईने हात धुतले. थोड्यांचं होतं म्हणाले, त्या थोड्यांत आपण कशाला असू. “बरं,” ती म्हणाली. “हळदीआदी उरकून टाकू.”

तार नीट बसली. डॉक्टरांनी फोटो दाखवला, फुगवटा काठोकाठ भरलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चहा मागितला, तर तोंडातून आलं, “वाटा.”

फळीवर मासळीचे वाटे मांडून जन्मभर ती हेच ओरडत आलेली. पोपटला वाटलं, आय मस्करी करते. तो हसलासुद्धा. तिने पाण्याकडे बोट केलं, “वाटा.” त्याला हाक मारायला गेली, “वाटा.” आत सगळे शब्द जागच्या जागी होते, ओठांशी येताना त्यांचं हे एवढंच होत होतं. मग पोपटने तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि त्याचं हसू तिथेच विरलं.

पुढे थोडं परत आलं. चाय. हो. नाय.

माघात मांडव उभा राहिला. धवलारणीच्या जागी रंगूबाई बसली, मागे बसून जेवढं ऐकलं होतं तेवढं गाऊ लागली. आवडाबाई शेजारीच. एकवीरा आली, खंडोबा आला, गावदेवी आली. आता धाकूला हाक. बापाने लेकीच्या हळदीला यायचं, तो धवला आता.

रंगूबाईने एकदम तेलाचा धवला उचलला.

आवडाबाईने तिचा दंड धरला. “वाटा,” ती म्हणाली. “वाटा, वाटा.”

“आक्का, बस ना, चाललंय बरोबर,” रंगूबाई गाता गाता पुटपुटली. बायका प्रेमाने हसल्या. पाटावर मंजुळाला रडू फुटलं. तिला वाटलं, आय आनंदाने बोलायला बघते. हळद लागली. गाणं पुढे गेलं. धाकूला कुणी बोलावलंच नाही.

आवडाबाईने दंड सोडला.

पोपट येऊन तिच्या पुढ्यात उकिडवा बसला. “आय, काय झालं? तू हितं हायस ना आज, मंजूच्या हळदीला? तेच पायजे होतं ना आपल्याला?” त्याचा आवाज बारीक झाला. “का आपरेशनचं चुकलं माजं? हो का नाय, एवढंच सांग.”

हो आणि नाय, दोन्ही तिला येत होतं. आवडाबाईने हाताची हळद लुगड्याला पुसली, गुडघ्यावर हात रोवून उठली आणि बायकांमधून मांडवाबाहेर निघून गेली.