बॅटरीवरची गोधडी

मागच्या हिवाळ्यात एक बाई माझ्या आईला आठवड्यातून दोनदा आपल्या ई-रिक्षाने कोहक्याहून डायलिसिसला न्यायच्या. सकाळी आल्या की आधी सीट उचलून लिथियम बॅटरीवरची गोधडी काढायच्या, बॅटरीला हात लावून बघायच्या आणि मगच आईला बसवायच्या.

"गोधडी कावून?" मी विचारलं.

"थंडीत सुस्त पडते हे. मधातच थांबली त आईले कोठी उतरवू? घरी दोनच गोधड्या हायेत. एक पोरीवर, एक इच्यावर."

"आणि तुमच्यावर?"

"मले त चारलेच उठा लागते."

थंडीत बॅटरीतलं द्रावक दाट होतं आणि त्यातून आयन हळू सरकतात, हे मी कॉलेजात दरवर्षी शिकवते. आईचं एकही डायलिसिस चुकलं नाही. यंदा तो धडा घेताना मी वर्गाला आधी त्या बाईंबद्दल सांगितलं.