उतरा मॅडम आणि छातीएवढी पेटी

व्हॉलीबॉलच्या पोरी पाठीमागे त्यांना ‘उतरा मॅडम’ म्हणत. हे नाव त्यांच्या कानावर आलं होतं, पण रागवायलाही अंगात त्राण लागतं. भल्या पहाटे उठून डबे करायचे, सकाळी मैदान, दुपारी शाळेत पी.टी.चे पाच तास आणि चारपासून पुन्हा सरावाचा हॉल. बावन्नाव्या वर्षी हे सगळं उरकून घरी पोचल्या की जिन्यात दर मजल्यावर कठडा धरून त्या उभ्या राहायच्या. उजवा गुडघा पायरीगणिक कुरकुरायचा.

तो गुडघा विसाव्या वर्षीच गेला होता. त्यांचे तेव्हाचे कोच वाईट नव्हते, फक्त घाईचे होते. उंचावरून खाली उडी टाकून लगेच वर उसळलं की पायात ताकद येते, असं त्यांनी कुठूनतरी ऐकलं, आणि दुसऱ्याच दिवशी प्रेक्षकांच्या पायऱ्यांवरून पोरींना सिमेंटवर उड्या टाकायला लावल्या. तिसऱ्या आठवड्यात मॅडमच्या गुडघ्यात कट्‌कन आवाज झाला. खेळ तिथेच आटोपला.

म्हणून हॉलला उड्यांच्या सरावाचं सामान मिळणार म्हटल्यावर त्यांनी पेट्या बाहेरून मागवल्याच नाहीत. धाकटा दीर सुतार होता. त्याच्याकडून तीन पेट्या करून घेतल्या: एक वीतभर उंच, एक नडगीच्या मध्यापर्यंत, एक गुडघ्याएवढी. कडा घासून गोल केलेल्या, वर रबर. जोडीला बुटके प्लास्टिकचे अडथळे आणि वजनाचे चेंडू. मग दोन महिने पोरींना एकच काम. सगळ्यात लहान पेटीवरून खाली उतरायचं, आवाज न करता. धप्प झालं की पुन्हा.

लंबूचे वडील शिंपी होते. लंबू म्हणजे संघातली सगळ्यात उंच पोरगी. ते एक दिवस हॉलवर आले.

“मॅडम, पोरगी दोन महिने पेटीवरून उतरतेय. तेवढं तर आमची आईपण करते.”

मॅडमना हसू आलं. “दादा, पाय जमिनीला टेकला की स्नायू आधी ताणला जातो, मग आकसतो. हे जितकं झटकन होईल तितकी उडी उंच, पळणं चपळ. पेट्यांचा फायदा तोच. पण उतरताना गुडघे आत वळत असतील, तर हाच व्यायाम गुडघा खातो.”

“म्हणजे कापड आधी भिजवून घ्यायचं, मग बेतायचं.”

“अगदी तसंच.”

शिंपी समाधानाने गेले. हॉलच्या व्यवस्थापकांचं मात्र समाधान होईना. पाहुणे यायचे होते, फोटो निघायचे होते, आणि वीतभर पेटीवरून उतरणाऱ्या पोरींचा फोटो कोण छापणार? त्यांनी छातीएवढी उंच, धारदार कडांची लाकडी पेटी आणून हॉलच्या मधोमध ठेवली.

“ही कुणासाठी?” मॅडमनी विचारलं.

“जरा करून दाखवायला. उद्या चार उड्या मारल्या म्हणजे झालं.”

नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हटलं की वाद आला, वाद म्हणजे अर्धा तास, आणि मॅडमना तेव्हा फक्त घरी जाऊन पाठ टेकायची होती. “बघू,” म्हणाल्या आणि निघाल्या. दुसऱ्या दिवशी सासूबाईंच्या डोळ्यांची तपासणी होती, म्हणून त्यांची रजा होती.

त्या दिवशी लंबूने पाहुण्यांसमोर त्या पेटीवर चार वेळा उडी मारली. टाळ्या पडल्या. पाचव्या वेळी पाय दमले होते. चवडा कडेला अडकला आणि नडगी सोलून निघाली. आठ टाके पडले.

मॅडम दवाखान्यात धावत गेल्या. लंबू म्हणाली, “चार वेळा जमली हो मॅडम.”

“माहितेय गं.”

वडील शेजारी बसले होते. आता आपली खरडपट्टी निघणार, असं मॅडम धरून चालल्या होत्या. पण ते हळूच म्हणाले, “तुम्ही असता तर हे झालं नसतं.” हे जास्त लागलं. आदल्या दिवशी त्या होत्याच की तिथे.

दुसऱ्या सकाळी त्यांनी दिराला करवत घेऊन बोलावलं. त्याने पेटीवर हात फिरवला. “वहिनी, लाकूड चांगलं आहे हो. जिवावर येतंय.”

“काप, भाऊजी.”

करवतीचा आवाज ऐकून व्यवस्थापक धावत आले. “अहो, हॉलची मालमत्ता आहे ही!”

“हो. आता दोन मालमत्ता होतील,” मॅडम म्हणाल्या आणि पेटीचं दुसरं टोक धरून बसल्या.

तक्रार झाली. हॉलच्या समितीपुढे मॅडमनी तीस वर्षांत पहिल्यांदा आपल्या गुडघ्याची गोष्ट सांगितली, आणि ‘बघू’ म्हणाल्याचंही सांगितलं. समितीने शाबासकी वगैरे दिली नाही. लेखी ताकीद मॅडमना दिली, आणि उंच पेटी पुन्हा आणायची नाही असं व्यवस्थापकांना बजावलं. मॅडमनी ताकिदीचा कागद घडी करून पर्समध्ये टाकला. भांडायची हौस कधीच फिटली होती.

दीड महिन्याने लंबू परतली. जखम भरली होती, पण वीतभर पेटीसमोरही तिचा पाय उचलेना. रडकुंडीला आली. मॅडम गुडघ्यावर हात टेकून पेटीवर चढल्या आणि स्वतःच उतरल्या. धप्प आवाज झाला. पोरी खुसखुसल्या.

“हसता काय? मला जमत नाही, तुम्हाला जमायला हवं,” त्या म्हणाल्या. मग लंबू चढली, आणि उतरली. आवाज आला नाही.

वर्षाअखेरीस भिंतीवरची तिच्या उडीची खडूची खूण चार बोटं वर गेली होती. संघ उपांत्य फेरीत हरला. पण त्या वर्षी एकाही पोरीचा गुडघा दुखावला नाही, आणि ही गोष्ट मॅडमखेरीज कुणाच्या ध्यानात आली नाही. व्यवस्थापक पाहुण्यांना बुटक्या पेट्या दाखवून ‘आमची योजना’ म्हणू लागले. मॅडमनी त्यांना टोकलं नाही. त्यांनी चार दिवसांच्या रजेचा अर्ज टाकला होता, कुणाच्याही तपासणीसाठी नाही, स्वतःसाठी. तो मंजूर झाला, आणि पहिले दोन दिवस त्या नुसत्या झोपून राहिल्या.