समुद्राची हवा

लोंढ्याला आक्काच्या अंगणात उन्हाळाभर सांडगे वाळत पडलेले असायचे, आणि घाटाकडून इंजिनाची लांब, दमलेली शिटी आली की ती हातातलं काम टाकून जुनं लुगडं घेऊन धावायची... शिगोशीग कोळशानं भरलेले उघडे डबे एकामागून एक कुरकुरत जात राहायचे; मग लुगडं उचललं की त्यावर काळी भुकटी, आणि हवेत ओल्या कोळशाचा, तापल्या लोखंडाचा वास. मला तो वास चक्क आवडायचा. सुट्टी म्हणजे तोच वास.

आक्का माझी थोरली बहीण. आम्ही बेळगावच्या वडगावचे, घरात साड्यांचे माग. तिला दिली होती रेल्वेवाल्यांच्या घरी. भाऊजी घाटात मालगाडीला मागून रेटणाऱ्या इंजिनावर होते. जेवताना ते या लाइनचा इतिहास स्वतःच्या घराण्याचा असावा तसा सांगत – पोर्तुगीजांच्या काळात डोंगर फोडून मुरगाव बंदरापर्यंत नेलेले अरुंद रूळ, पुढे रुंद झालेले रूळ, बंदराकडे उतरणारं खनिज, आणि बोटींतून उतरून बळ्ळारीकडच्या पोलादाच्या भट्ट्यांसाठी घाट चढणारा हा कोळसा. आमच्या लेखी समुद्र म्हणजे मुरगाव. दुसरीकडेही तो असतो, हे कुणाच्या डोक्यातच येत नसे.

मग आक्काला खोकला जडला. डॉक्टर चुलीच्या धुराला बोल लावत, तिची सासू नशिबाला. आप्पा – आमचे वडील – तिला माहेरी न्यायला आले, तर ती हसली.

"तुमच्याकडं सुताचा धुरळा, हितं कोळशाचा. तुमचा पांढरा, एवढाच फरक, आप्पा."

शेवटी डॉक्टर म्हणाले, थोडे दिवस समुद्राच्या हवेवर न्या. आप्पांचा चेहरा असा उजळला, जसं काही औषधच हाती लागलं! पोरीच्या दारातूनच तर समुद्राला लाइन जात होती, जावयाकडे पास होता, बंदरावरच्या टेकाडावर ओळखीच्याची खोली होती. सोबतीला मला धाडलं.

सकाळी आक्कानं खिडकी उघडली. खाली राखाडी पाणी, एक अजस्र बोट, आणि किनाऱ्यावर कोळशाचे ढीग... आमच्याकडच्या डोंगरांसारखे, एकापलीकडे एक. तिनं खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवलं, ते काळं झालं.

"बघ गं," ती म्हणाली, "कोळशाच्या गाडीच्याबी आधी येऊन बसलोय आपण."

ती हसत सुटली, हसता हसता खोकू लागली, आणि तो खोकला थांबेचना. मी पाण्याचा तांब्या धरून रडत उभी होते. मला फार भीती वाटली.

परतलो तेव्हा आप्पा लोंढ्याच्या फलाटावर ताटकळत होते. गाडी पुरती थांबायच्या आतच त्यांनी खिडकीशी येऊन विचारलं, "मानवली का गं हवा?"

"लई मानवली, आप्पा. झोप लागती आता." असं म्हणताना तिनं माझा हात इतका घट्ट दाबला, की बांगडी रुतली.

त्या वर्षीच्या गणपतीला आक्का नव्हती.

लोंढ्याला आता मी जात नाही. आप्पा थकलेत, माग बंद आहेत. घरी कुणी आलं की बोलणं हटकून आक्कावर येतं, आणि ते अजूनही अभिमानानं सांगतात, "समुद्राच्या हवेवर नेलती, म्हणून पोरगी तेवढी तरी जगली." मग खात्री करून घ्यावी तसं माझ्याकडे बघतात.

"व्हय, आप्पा," मी म्हणते.