तळ्याकाठचा वॉर्ड

भिंतींना ताप येतो, पंपाला धाप लागते आणि कौलांकडे वेळेवर लक्ष दिलं नाही तर ती दगावतात, असं मनापासून मानणारी बाई अख्ख्या जगात एकच असेल, आणि ती म्हणजे आमच्या मेट्रनबाई. मराठवाड्यातल्या एका मिशन दवाखान्यात त्यांनी सगळा जन्म काढला. रिटायर झाल्यावर बायका नातवंडं सांभाळतात. बाईंनी लग्नच केलं नव्हतं, तेव्हा नातवंडं कुठली? म्हणून त्यांनी इकडे रत्नागिरी जिल्ह्यात, दापोलीपासून एसटीने तासाभरावर, धरणाच्या तळ्याकाठी बंद पडलेला एक पर्यटकांचा कॅम्प विकत घेतला आणि त्याच्यावर उपचार सुरू केले.

मी त्यांच्याबरोबर आले ती स्वयंपाकाला. माझी शाळा सहावीत सुटली. आई गेली, आणि घरात मी नकोशी झाले तेव्हा ह्याच बाईंनी मला दवाखान्याच्या भटारखान्यात लावून घेतलं होतं. त्यामुळे बाई कोकणात चालल्या म्हटल्यावर मागे कुणासाठी राहायचं हा प्रश्नच नव्हता. फक्त मला काळजी फार. गाडी चुकेल, दूध नासेल, छपरावरून साप पडेल, अशी माझी रांग लागलेली असते. बायबलातली मार्थासुद्धा अशीच स्वयंपाकघरात काळजी करत बसायची, आणि माझं नावही मार्थाच. बाई म्हणायच्या, "मार्थे, तुझ्या आईने नाव ठेवलं नाही गं, निदान केलं."

ही जागा बाईंनी पहिल्यांदा पाहिली ती गणपतीच्या सुमारास. तळं तुडुंब होतं, पाणी जेवणघराच्या पायरीला लागलं होतं. मालक मुंबईचा, धंदा बुडाला म्हणून वैतागलेला. तो गच्ची दाखवत होता, पोहण्याचा हौद दाखवत होता, आणि बाई एकेका भिंतीला तळहात लावून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "छातीत पाणी झालंय सगळ्यांच्या. पण वाचतील." मालकाला वाटलं बाईंचं डोकं फिरलंय. व्यवहार त्याने घाईघाईने उरकला.

हौदात बेडूक होते. सहा खोल्यांपैकी दोनमध्ये वाळवी. दारात सिमेंटची एक जलपरी होती, कमरेच्या वर काही न ल्यालेली. बाईंनी तिला पाडू दिलं नाही. "पेशंटला कपडे नाहीत म्हणून कुणी हाकलून देतं का?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडून तिच्या मापाचा पांढरा एप्रन शिवून घेतला. आता ती लांबून ड्यूटीवरच्या सिस्टरसारखी दिसते, फक्त खाली शेपटी आहे. सगळ्यात मोठी खोली म्हणजे जुनी परमिट रूम. तिथे आमची प्रार्थनेची जागा झाली. बाटल्यांच्या फळ्यांवर गीतांची पुस्तकं लागली, आणि ज्या काउंटरवर पेले सरकवले जायचे त्यामागे उभ्या राहून बाई वचन वाचू लागल्या. "इथे लोक आपलं दुःख घेऊनच यायचे ना?" त्या म्हणाल्या. "मग खोलीला सवय आहे."

कामावर राउंड सकाळ-संध्याकाळ. मागे मी, हातात डेटॉल. फणसाच्या मोडलेल्या फांदीला त्यांनी बांबूची कामटी बांधून पट्टी गुंडाळली. पंपावर हात ठेवून घड्याळाकडे बघत त्याची नाडी मोजली आणि वायरमनला सांगितलं, "ठोके चुकतायत." वायरमनने हसत उघडून पाहिलं तर बेअरिंग गेलेलं. त्या दिवसापासून गावातली माणसं आपले मिक्सर घेऊन बाईंना दाखवायला येऊ लागली.

हा सगळा खटाटोप कशासाठी, ते सांगते. बाई बोर्डिंगात वाढल्या. मे महिन्यात बोर्डिंग बंद व्हायचं, मुली घरोघर जायच्या, आणि जिला घरच नाही ती मुलगी वॉर्डनबाईंच्या ओसरीवर जून उजाडायची वाट बघत बसायची. ती मुलगी म्हणजे बाई. आजही आमच्या तिकडच्या बोर्डिंगांत अशी पोरं आहेत. त्यांना सुट्टीत आणायचं, गाणी, प्रार्थना, पवित्र शास्त्राच्या गोष्टी, पोटभर जेवण आणि तळं, एवढंच बाईंना करायचं होतं. पण बोर्डिंगच्या कमिटीने फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "एप्रिल संपायच्या आत संडास-न्हाणी तयार पाहिजे. नाही तर मुलं पाठवणार नाही." यंदा आली नाहीत तर दुसऱ्या वर्षी कमिटी विचारणारही नव्हती.

आणि नेमकं तिथेच अडलं.

गणू मिस्त्री गावातला, हाताखाली चार गडी. संडासाच्या टाकीचा खड्डा आखून झाला, चुन्याची रेघ मारली, आणि माणसं कुदळी टेकवून उभी राहिली.

"सुरू करा की," बाई म्हणाल्या.

"जागेला सांगितल्याबिगर कुदळ कशी मारू, बाय?" गणू म्हणाला. "राखणदार हाय हितला. नारळ ठेवायचा, गाऱ्हाणं घालायचं, मग काम."

"नारळ मी आणून देते. पण माझ्या हातून तो ठेवला जाणार नाही, गणू. माझा देव एक. त्याच्याशी मी खोटं वागू शकत नाही."

"मग आमच्या राखणदाराशी आमी खोटं वागायचं काय?"

बाईंना हे ताबडतोब पटलं, आणि तीच मोठी पंचाईत झाली. भांडण असतं तर मिटलं असतं. इथे दोघंही खरे. गणू रोज सकाळी यायचा, चहा प्यायचा, खड्ड्याच्या रेघेकडे आदराने बघायचा आणि खोल्यांची डागडुजी करून घरी जायचा. बाई रात्री गुडघे टेकून बसत. मी माझं गाठोडं बांधलं, सोडलं, परत बांधलं. हे मोडलं तर बाईंना दवाखान्यात कुणी तरी ठेवून घेईल, पण मी कुठे जाणार, ह्या विचाराने भातात मीठ दोनदा पडायचं.

आमचे शेजारी आप्पा. हापूसची बाग, शाळेतून रिटायर, आणि जिभेवर कायम तिखट. पहिल्याच दिवशी कुंपणावरून विचारलं होतं, "काय हो मेट्रनबाई, धर्माबिर्माचं काही करणार नाही ना आमच्या गावात?" बाई म्हणाल्या, "आप्पा, सुई टोचताना मी जात विचारली नाही कधी. ही आमची पोरं, आमची प्रार्थना. तुमची पोरं खेळायला आली तर जेवू घालीन. पण हात धुवायला लावीन, ते मात्र सक्तीचं." आप्पांना ही सक्ती आवडली असावी. पुढे ते रोज ब्लडप्रेशर बघायला येऊ लागले. बाईंनी त्यांचं लोणचं बंद केलं. ते बायकोला जमलं नव्हतं.

तर असाच दंडाला पट्टा बांधलेला असताना आप्पा म्हणाले, "तुम्ही प्रार्थना मनात करता की मोठ्याने?"

"दोन्ही. हलू नका."

"मग मोठ्याने करा, खड्ड्यापाशी. अहो, गाऱ्हाणं म्हणजे निराळं काय? मालकाला सांगून कामाला हात घालायचा. तुम्ही तुमच्या मालकाला सांगा. गणूचा नारळ माझ्या कुंपणाच्या आत. माझ्या हद्दीत कुणी काय ठेवावं ते मी बघीन."

बाईंनी पट्ट्यातली हवा सोडली. "वरचा थोडा जास्त आहे," त्या म्हणाल्या, "पण डोकं चांगलं चालतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणापलीकडे गणूने नारळ ठेवला. तेवढा वेळ बाई तळ्याकडे तोंड करून उभ्या. मग डोक्यावर पदर घेऊन त्या खड्ड्याच्या रेघेपाशी आल्या, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "हे प्रभू, ह्या कामात कुणाच्या हातापायाला इजा होऊ देऊ नकोस."

"व्हय म्हाराजा!" गणू आणि चारी गडी एका दमात ओरडले.

बाई दचकल्या. एक डोळा उघडून त्यांनी पाहिलं. सगळे हात जोडून, मान खाली घालून उभे. गाऱ्हाण्याला असंच म्हणायचं असतं; त्यांनी आपली रीत पाळली होती. बाईंनी डोळा मिटला.

"इथे येणाऱ्या लेकरांना स्वच्छ पाणी मिळू दे."

"व्हय म्हाराजा!"

"आमच्या मार्थेचा जीव थाऱ्यावर येऊ दे."

"व्हय म्हाराजा!"

"गणू मिस्त्रीची पाठ बरी होऊ दे, आणि त्याची तंबाखू सुटू दे."

गडी गणूकडे बघतायत, गणू जमिनीकडे. तेवढ्यात कुंपणापलीकडून आप्पांचा आवाज आला, "व्हय म्हाराजा!" हसण्याचा जो स्फोट झाला त्यात बाईंचं आमेन कुणाला ऐकूच आलं नाही. मी म्हटलं, हळूच. मग कुदळ पडली.

एप्रिलच्या शेवटी संडास उभे राहिले, जांभ्याच्या चिऱ्यांचे, राजवाड्यासारखे. पण तोवर तळं पार आटत आत गेलेलं! पायरीपासून पाण्यापर्यंत नुसतं सपाट, हिरवं गवत. मी डोक्याला हात लावला. पोरं एसटीतून उतरली, तो मोकळा माळ बघितला आणि सामान टाकून धावत सुटली. त्या मे महिन्यात तळ्याच्या तळाशी जेवढं क्रिकेट झालं तेवढं कुठल्या मैदानात झालं नसेल. गणूचा मुलगा अंपायर. आप्पा टोपल्याने रायवळ आंबे पाठवायचे आणि गाण्याच्या वेळी कुंपणापाशी खुर्ची टाकून बसायचे, चाल चुकली की ओरडायचे. आणि बाई! प्रत्येकाची नखं, प्रत्येकाचे कान, प्रत्येकाचं अंथरूण. ज्याला भेटायला कधी कुणी येत नाही त्याच्या उशाशी त्या जास्त वेळ रेंगाळायच्या, ते मी पाहिलं.

जूनच्या तोंडावर एसटी न्यायला आली. तेव्हा बाई दिसेनात. मी सगळ्यांना चढवलं, हात हलवला, धूळ खाली बसली. मग त्या मला भांड्यांच्या खोलीत सापडल्या, धुतलेली ताटं पुन्हा पुसत.

"गेली?"

"गेली."

त्यांनी आणखी एक ताट पुसलं. "काय गं मार्थे, जाताना कुणी रडलं का?"

"सगळीच रडली, बाई. सगळ्यात मोठा पोरगा तर दाराची दांडी धरून बसला होता, उतरवा म्हणत होता."

बाईंनी ताट खाली ठेवलं. चष्मा काढला, पदराने पुसला, आणि चेहऱ्यावर असं हसू आलं की मी पाहतच राहिले.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "मी वॉर्डनबाईंच्या ओसरीवर मे काढायचे ना, तेव्हा तिथून उठताना कधी रडू आलं नाही. जून आला की सुटल्यासारखं वाटायचं."

बाहेर वारा सुटला होता. गवतावर कुणाचा तरी एक चेंडू राहिला होता. तो आणायला बाई एकट्याच, सावकाश, तळ्याकडे चालत गेल्या.