बारशाला घालायची चप्पल

सोजरा,

मेलेल्या माणसाला पत्र लिहिणं हा शुद्ध वेडेपणा आहे, आणि जिवंतपणी तरी तुला कुठं वाचता येत होतं? तरी लिहिते. तुझ्या दहाव्याला तुझा सर्जेराव आल्यागेल्याला सांगत होता, "शुगर व्हती, पायात उतरली." लोक माना हलवत होते. शुगर म्हटलं की कुणी ताट लांब सरकवत नाही. तुला शुगर कधीच नव्हती. तुला काय होतं ते सर्जेरावाला ठाऊक, आशाताई अंकिताला ठाऊक आणि मला ठाऊक. तिघंही नदीकाठी गप्प उभे होतो. मी आयुष्यात कुणाची भीड ठेवली नाही, पण त्या दिवशी तोंड उघडलं नाही.

अनुपमाबाईंनी एवढं लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. पुढचं पत्रात मावणारं नव्हतं.

सोजराबाई वस्तीवरून रोज सकाळी दूध घेऊन बाईंकडे यायची. यवतच्या हायस्कुलात बाईंनी तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं; सोजराची तेजश्री त्यांच्याच हाताखालून गेलेली. माप ओतून झालं की सोजरा ओट्याला टेकून घटकाभर बोलायची, मगच पुढच्या घरी. वस्तीवर कुणाकडे कार्य असलं की चुलीपाशी ती हवीच. तव्यावरची भाकरी बोटांनी उचलणार, उकळतं पातेलं उतरवायला फडकं शोधणार नाही. बायका म्हणायच्या, "सोजरीचा हात लोखंडाचा हाय." ती हसायची. दोन वर्षं अख्ख्या वस्तीनं एका रोगाचं कौतुक केलं.

एक दिवस बाईंच्या गॅसवर दूध उतू चाललं. तेजश्रीच्या साखरपुड्याचं सांगता सांगता सोजरानं दोन्ही हातांनी पातेलं उचललं, ओट्यावर ठेवलं आणि बोलणं पुढं चालू. स्वयंपाकघरात कातडं जळल्याचा वास आला.

"सोजरा, हात बघू."

"का? काय झालंया?"

बोटं पांढरी पडून फुगली होती. बाईंनी पदराची पिन काढली. "डोळे मीट. टोचलं की सांग."

"टोचा की."

"टोचून झालं," बाई म्हणाल्या.

कोपराच्या वर फिकट, कोरडा चट्टा होता. सोजरा म्हणाली, "त्यो व्हय? शिबं हाय. दोन वरसं झाली. दुखत न्हाई, खाजत न्हाई."

"दुखत नाही म्हणूनच विचारतेय. अंकिता घरोघर तपासायला आली होती तेव्हा का नाही दाखवलंस?"

"तिच्यासंगं बाप्या व्हता. परक्या बाप्यापुढं चोळी काढू व्हय?"

"आणि नंतर?"

"नंतर तेजूचं जमलं."

बाईंनी तिला उभ्याउभ्या झाडलं. वर्षभर गोळ्या, त्याही फुकट. गोळ्या सुरू झाल्या की कुणाला लागत नाही. उशीर केलास तर हातपाय जातील. सोजरानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाई, रोग न्हाई लागायचा कुणाला, पर नाव लागंल. हळद लागू द्या पोरीला. मग पिना टोचा न्हाई तर सुरी."

तिची होणारी विहीण ताईबाई शिरूर तालुक्यातली, वढूच्या पलीकडची. सुपारी फुटली त्या दिवशी तिनं स्वतःच सांगितलं होतं, आमचं काही मागणं नाही, फक्त घराण्यात तसलं काही नसावं. तिच्या माहेरी एका चुलत्याला तसलं होतं. त्याला गोठ्यात ठेवलेला. त्याचं ताट लिंबाच्या फांदीला टांगलेलं असायचं, आणि त्यापायी तिच्या दोन बहिणींची लग्नं मोडली. ताईबाईनं हे जिलेबी खाता खाता सांगितलं. सोजरानं पदर कोपरावर ओढून घेतला.

सोजरानं गळ्याची शपथ घातली आणि बाई पाच महिने गप्प राहिल्या. लग्न झालं तेव्हा सोजराच्या उजव्या हाताची दोन बोटं आत वळली होती आणि पायाला खालची जमीन कळेनाशी झाली होती. मग वर्षभर गोळ्या घेतल्या. एक चुकवली नाही. रोग गेला, डॉक्टरांनी तसं लिहूनही दिलं. बोटं मात्र वळलेलीच राहिली, पाऊल मुकंच राहिलं. नवरा म्हणून सर्जेराव तिला कधी वेडंवाकडं बोलला नाही. फक्त स्वतःचा तांब्या तो वर फळीवर ठेवू लागला. सोजरानं ते पाहिलं.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. सोजरानं तेजश्रीला आणली नाही. आणली असती तर बारसं इथंच झालं असतं, ताईबाई चार दिवस घरात राहिली असती आणि बोटांवरून पायापर्यंत सगळं तिनं वाचलं असतं. ताईबाईनं फोनवरच ऐकवलं, "पहिलटकरीन हाय, आन् आई न्हेत न्हाई. तुमच्यात उलटी रीत हाय का?" तेजश्री फोनवर रडली. तिलाही खरं कारण ठाऊक नव्हतं. मुलगा झाला, बारसं सासरी रविवारी ठरलं.

"आता न्हाई गेले तर पोरगी तुटली," सोजरा म्हणाली.

जायचं तर पायात काय, हा प्रश्न. तळव्याची जखम दोनदा भरून दोनदा उकलली होती. अंकितानं आरोग्य केंद्रातून खास चप्पल आणून दिली होती. जाड, मऊ, काळा तळ आणि चिकटणारे पट्टे. तिच्याशिवाय एक पाऊलही टाकायचं नाही, अशी ताकीद. पण ताईबाईच्या चुलत्याच्या पायात शेवटी शेवटी हीच चप्पल असायची. तिनं लांबूनही ओळखली असती.

सोजरानं चप्पल पिशवीत घालून बाईंच्या ओट्यावर ठेवली. "गुरवारी दौंडला दाताच्या डॉक्टरकडं जाताय न्हवं? टेशनाभायेर चपला शिवणारा बसतोय. वरनं तपकिरी पट्टं लावून आना, अंगठ्याचं. बाजारातली दिसली पायजे. कुनाची म्हनून सांगू नगा."

"चपलेला नाव कोण विचारतंय?"

"तरीबी."

"आणि तोवर तू काय घालणार?"

"तवर म्या घरातच बसते, दुधापुरती काय ती येते."

गुरुवारी बाई दौंडला गेल्या. दाताचं काम झालं. स्टेशनबाहेर चपला शिवणारा रिकाम्या हातानं बसला होता, एक गिऱ्हाईक नव्हतं. बाई त्याच्यापासून चार पावलांवर पिशवी घेऊन थांबल्या आणि त्यांच्या डोक्यात तिडीक गेली. बरी झालेली बाई. सरकारी कागद आहे. आणि जिनं माणसाचं ताट झाडाला टांगलेलं निमूट पाहिलं, तिच्यासाठी ही चप्पलसुद्धा वेष पालटून घालणार? तीस वर्षं आपण पोरींना काय शिकवलं? चप्पल आहे तशी परत द्यायची आणि सोजराला खडसावून, ताठ मानेनं, हीच घालून पाठवायची. यवतच्या गाडीत बसून त्यांनी तिला ऐकवायचं सगळं बोलणंही जुळवलं.

शुक्रवारी सोजरानं विचारलं, "झाली?"

"उद्या देते," बाई म्हणाल्या. बोलणं निवांत करायचं होतं.

शनिवारी दूध घेऊन सर्जेराव आला.

"सोजरा कुठंय?"

"गेली पहिल्या गाडीनं. इहीणबाईचा फोन आला, सैपाकाला हाताशी या म्हनली. भाकरीचं नाव झालंया न्हवं."

"पायात काय घातलं?"

"चप्पल घातली की. जुनी."

झिजलेल्या तळाच्या त्या चपलेवर सोजरा दोन दिवस चुलीपुढं उभी राहिली. सरपण बाभळीचं. काटा चपलेतून तळव्यात शिरला आणि तिथंच मोडला. ती त्याच्यावर उभी राहून भाकऱ्या थापत होती. दोन बोटं भाजली म्हणून वाकली, असं तिनं विचारायच्या आधीच सांगून टाकलं. ताईबाईनं चार बायकांत तिचं कौतुक केलं. रविवारी पाळणा म्हणताना बाळ सोजराच्या मांडीवर होतं. दारापासून पाळण्यापर्यंत फरशीवर लाल ठिपके होते.

"आई, पायाला काय लागलंय? कुंकू सांडलं का?" तेजश्रीनं विचारलं.

"व्हय. कुंकूच हाय," सोजरा म्हणाली आणि लुगड्याच्या काठानं पुसून घेतलं. हे तेजश्रीनंच बाईंना नंतर सांगितलं.

परत आल्यावर तिनं आठ दिवस पाय कुणाला दाखवला नाही. दवाखाना म्हणजे पुन्हा नाव. सर्जेराव दूध घालताना म्हणायचा, दमलीया. नवव्या दिवशी अंकिता घरात घुसली तेव्हा वास बाहेरच्या सोप्यापर्यंत आला होता. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात उजवा पाय गुडघ्याखाली कापला.

सोमवारी बाई भेटायला गेल्या. सोजरा पांढरीफटक पडली होती, पण डोळे जागे होते.

"बाई, त्या चपलावाल्याला येळ झाला न्हाई व्हय?"

कुणाच्याही तोंडावर खरं सांगणाऱ्या अनुपमाबाई म्हणाल्या, "नाही झाला. गर्दी होती."

"असू द्या. लगीनसराई हाय." मग म्हणाली, "डाव्या पायाची तेवढी करून आना. तेजू यायची हाय बाळाला घिऊन, सासू बी असंल संगं. खाटंखाली दिसंल ती."

"गुरुवारी आणते," बाई म्हणाल्या. "आधी दौंडला जाते, मग इकडं."

"तपकिरी बरं का. काळं नको."

बुधवारी दुपारी अंगात विष भिनून सोजरा गेली. गुरुवारी अनुपमाबाई पिशवी घेऊन यवतच्या स्टँडवर जाऊन उभ्या राहिल्या. दौंडची गाडी आली, माणसं चढली, कंडक्टरनं दोनदा विचारलं आणि गाडी निघून गेली. डाव्या चपलेला पट्टा लावायचा राहिला तो राहिलाच.