आमचे डबे वरच्या मजल्यावर

मित्रांनो, माझ्या साध्या राहणीच्या पोस्ट तुम्ही आवडीनं वाचता, म्हणून आजचं लपवत नाही.

दीड वर्षापूर्वी कार विकून कर्ज फेडलं, फ्रिजही विकला. चिंचोळी एमआयडीसीतली नोकरी सोडून घरीच पंखे, मोटारी दुरुस्त करायला लागलो. "फ्रिजवाचून आमचं काही अडत नाही," असं इथंच मिरवलं होतं.

आज दुपारी वरच्या मजल्यावरच्या काकूंचा पंखा बघायला गेलो. पाणी द्यायला त्यांनी फ्रिज उघडला, तर अख्खा खालचा कप्पा आमच्याच डब्यांचा. दूध, दही, मळलेली कणीक.

काकू म्हणाल्या, "सुनंदा रोज दोनदा येते की. लई संकोचते बिचारी."

घरी येऊन बायकोला, सुनंदाला, विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

"विकताना तुमी मला विचारलंवतं का?"

खरंच, विचारलं नव्हतं. या सोलापूरच्या उन्हाळ्यात मोकळा झालो तो मी, आणि माझी बायको रोज दुसऱ्याच्या दारात उभी राहत होती.

माफी मागितली. म्हटलं, "उद्याच फ्रिज आणू."

"आणा. पण आधी तुमच्या लोकांना खरं सांगा."

म्हणून हे लिहिलं. तुमच्या साधेपणाचा भार घरात कोण उचलतंय, कधी विचारलंय?